दहा मुलांनी निवडलेला रेल्वेमार्ग

आमच्या वस्तीतल्या मुलांकडे ज्या वस्तू असतात, त्यांत त्यांनी स्वतः निवडून घेतलेली वस्तू क्वचितच सापडते. कपडे थोरल्या भावंडाचे. दप्तर जयंतीला कुठल्याशा मंडळाने वाटलेले. वह्या कोणा दात्याच्या आणि पुस्तके आदल्या वर्षी पास झालेल्या मुलांची. देणाऱ्यांचे उपकार मी नाकारत नाही. मीसुद्धा अशाच वह्यांवर शिकून बी. कॉम. झाले. पण मिळालेल्या वस्तूत निवड नसते. आणि ज्या मुलाला निवडायची सवय लागली नाही, ते मोठे झाल्यावर शिक्षणाची शाखा, नोकरी, जोडीदार, इतकेच काय पण मतदानाचे बटणसुद्धा दुसऱ्याने बोट दाखवले तेच पत्करते. म्हणून एका संगणकीय खेळाच्या खरेदीची ही हकिगत वाचक बंधुभगिनींना सांगावीशी वाटली. विषय लहान आहे. पण आमच्या दहा मुलांसाठी तो लहान नव्हता.

मी लेखा शाखेत कारकून आहे. दिवसभर कार्यालय आणि संध्याकाळी सात ते नऊ वस्तीच्या सभागृहातली अभ्यासिका, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम आहे. अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. एका कार्यालयाने मोडीत काढला, तो आम्ही मागून आणला. दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका मुलाने त्यात जुनेच पण चालू स्थितीतले ग्राफिक्स कार्ड बसवून दिले. वस्तीतल्याच दुसऱ्या एका नोकरदार मुलाने त्यावर ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ हा खेळ घेऊन दिला. अट माझी होती : अभ्यास पुरा झाल्याशिवाय संगणक उघडायचा नाही, आणि खेळ फक्त शनिवारी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा आगगाडी चालवण्याचा खेळ आहे. यात मारामारी नाही, बंदूक नाही. खेळणारा इंजिनात चालकाच्या जागी बसतो. सिग्नल पाहायचा, वेगाची पाटी पाळायची, चढावर ताकद आणि उतारावर ब्रेक सांभाळायचा, आणि वेळापत्रकाप्रमाणे गाडी फलाटाला नेमकी उभी करायची. घाई केली तर डबे फलाटाच्या पुढे जातात आणि गुण कापले जातात. या जातीच्या खेळांना खरी प्रसिद्धी २००१ साली मिळाली. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने आपला ट्रेन सिम्युलेटर आणला. त्यात इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रिया आणि जपानमधले मिळून सहा मार्ग होते. आमच्याकडचा खेळ वेगळ्या घराण्यातला. तो २००७ मध्ये ‘रेल सिम्युलेटर’ म्हणून निघाला, २००९ मध्ये ‘रेलवर्क्स’ झाला, पुढे वर्षागणिक नाव बदलत २०२२ मध्ये ‘क्लासिक’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

मूळ खेळाबरोबर थोडे मार्ग येतात. बाकीचे मार्ग सुटे विकत घ्यावे लागतात. त्यांना ॲड-ऑन म्हणतात. जगातल्या एखाद्या खऱ्या लोहमार्गाची स्टेशने, पूल, बोगदे, चढउतार सगळे त्यात उभे केलेले असते. आमच्या मुलांनी मिळालेले मार्ग इतक्या वेळा चालवले की कुठल्या वळणावर कुठला सिग्नल येणार हे त्यांना तोंडपाठ झाले. तेव्हा नवा मार्ग हवा असे ठरले. पैसे कोणाकडे मागायचे नाहीत, हेही त्यांनीच ठरवले. दोन महिने घरोघर फिरून रद्दी गोळा केली, विकली, आणि अकराशे चाळीस रुपये माझ्या हातात आणून ठेवले.

इथे पहिली अडचण आली. सभागृहाच्या समितीत एक ज्येष्ठ काका आहेत. मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांची सारी हयात गेली. (या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्यासाठी ते गार्डकाकाच.) ते म्हणाले,

“ताई, तुम्ही शिकलेल्या. या पैशात स्पर्धा परीक्षेची चार पुस्तके येतील. खेळावर कशाला उधळता?”

मी म्हटले, “काका, पुस्तकांसाठी आपण वर्गणी काढतोच. हे पैसे पोरांनी कागद वेचून आणलेत. तुमचे-माझे नाहीत. कशावर खर्च करायचे ते त्यांना ठरवू द्या. का ठरवले ते मात्र त्यांनी आपल्याला पटवून द्यायचे.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पटवून देणार असतील तर मी ऐकायला येतो.”

काकांचे हे बोलणे मी मुलांना जसेच्या तसे सांगितले. आता नुसते ‘मला हा आवडला’ म्हणून भागणार नव्हते.

कार्यालयात खुर्ची घ्यायची झाली तरी आम्ही तीन दरपत्रके मागवतो आणि तुलनात्मक तक्ता करतो. तोच तक्ता मी फळ्यावर आखून दिला. एका बाजूला मार्गांची नावे आणि समोर पाच रकाने. कोणीही असा मार्ग घेणार असेल तर हे पाच रकाने उपयोगी पडतील, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिला रकाना : हा मार्ग आपल्या खेळात चालतो का? हे वरवर सोपे वाटते. पण ‘ट्रेन सिम्युलेटर क्लासिक’ आणि ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ हे दोन वेगळे खेळ आहेत. एकाचा मार्ग दुसऱ्यात चालत नाही. एकाच प्रदेशाचा मार्ग दोन्हींत असू शकतो, नावही जवळपास सारखेच असते. म्हणून दुकानाच्या पानावर कुठला मूळ खेळ लागतो ते आधी वाचायचे.

दुसरा रकाना : आपल्या यंत्राला झेपतो का? ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ अनरियल इंजिन ४ वर बांधलेला आहे. चित्र देखणे, पण संगणक ताकदीचा लागतो. आमच्यासारख्या जुन्या संगणकाला जुना खेळच बरा. त्यातही मोठ्या शहरातला मार्ग घेतला तर इमारती, रुळांचे जाळे आणि इतर गाड्या यांचा भार पडून चित्र अडखळते. डोंगराळ, मोकळ्या मुलखातला मार्ग जुन्या यंत्रावर तुलनेने हलका चालतो.

तिसरा रकाना : मार्गाबरोबर काय मिळते? कुठली इंजिने, कुठले डबे, किती तयार फेऱ्या. खेळणाऱ्या हौशी लोकांनी बनवलेल्या जादा फेऱ्या फुकट मिळतात खऱ्या, पण त्यांतल्या पुष्कळ फेऱ्यांना आपल्याकडे नसलेले दुसरे इंजिन वा दुसरा मार्ग लागतो. म्हणजे फुकट म्हणून घ्यायला जावे आणि आणखी दोन खरेद्या गळ्यात पडाव्यात. मुलांना मी सांगितले, “मार्गाच्या डब्यात जे आहे तेवढेच धरून हिशोब करा.”

चौथा रकाना : किती जणांना पाळी मिळेल? हा रकाना श्रीमंताघरच्या एकुलत्या मुलाला लागणार नाही. आम्हाला फार महत्त्वाचा.

आणि पाचवा : गाडी चालवून झाल्यावर आपल्याकडे काय उरते?

पाचव्या रकान्यावर मुले बुचकळ्यात पडली. मी म्हटले, “तो मार्ग कोणी बांधला, का बांधला, कोणाच्या हातांनी बांधला, एवढे शोधून आणा. जे सापडेल ते इथे उभे राहून सांगा.” वाचनालयातली पुस्तके आणि मोबाइल, दोन्हींची परवानगी दिली. तीन आठवडे मुदत दिली.

मुलांची पहिली मागणी अर्थातच आपल्या कर्जत-लोणावळा घाटाची होती. मलाही तोच आवडला असता. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या खेळासाठी, आणि तेच मार्ग चालवणाऱ्या ‘ओपन रेल्स’ या फुकट खेळासाठी, आपल्या देशातल्या हौशी तरुणांनी भारतीय इंजिने आणि मार्ग बनवले आहेत. पण ते आमच्या खेळात चालत नाहीत. पहिल्याच रकान्यात घाट अडला. पुढेमागे ‘ओपन रेल्स’ बसवायचा, असे वहीत लिहून ठेवले. शेवटी चार मार्ग तक्त्यात राहिले.

पहिला जर्मनीतला हॅम्बुर्ग-हॅनोव्हर. नववीतल्या मुलाने तो मांडला. खऱ्या मार्गावर गाड्या ताशी २०० किलोमीटरपर्यंत धावतात. “ताई, आयसीई गाडी! तिच्यापुढे आपली एक्स्प्रेस म्हणजे बैलगाडी,” हे त्याचे म्हणणे. वेग सोडून पाचव्या रकान्यात त्याला फारसे भरता आले नाही. पण वेगाची ओढ हेही कारण आहेच, आणि त्याने ते प्रामाणिकपणे सांगितले.

दुसरा ऑस्ट्रियातला सेमेरिंग. सातवीतल्या दोन मुलांनी मिळून माहिती आणली. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने १८४८ ते १८५४ या काळात ४१ किलोमीटरचा हा डोंगरी मार्ग बांधला. १९९८ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला. आपल्या बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाड्या धावल्या, म्हणजे दोन्ही एकाच पिढीतले. गार्डकाकांनी इथे मान हलवली. “बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लावतात ती उगाच नाही,” असे ते म्हणाले. मुलांनी काकांना कधी असे बोलताना ऐकले नव्हते.

तिसरा अमेरिकेतला डॉनर पास. आठवीतल्या एका मुलीने तो मांडला, आणि सभागृहात अगदी शांतता पसरली. सिएरा नेवाडा पर्वत ओलांडणारा हा मार्ग सेंट्रल पॅसिफिक कंपनीने १८६० च्या दशकात बांधला. काम करणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. दहा हजारांहून अधिक. शिखराखालचा बोगदा सुमारे ५०५ मीटर लांब. ग्रॅनाइटचा कठीण दगड. पहारी, हातोडे, सुरुंगाची दारू, आणि हिवाळ्यात डोक्यावर बर्फाचे डोंगर. गोऱ्या मजुरांपेक्षा त्यांना पगार कमी, आणि गोऱ्यांना जेवण कंपनीचे असताना यांचे जेवण यांच्याच खर्चाने. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी समान पगारासाठी आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून संप केला. कंपनीने त्यांचा अन्नपुरवठा तोडला. आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी दोन बाजूंचे रूळ जोडले गेले, तेव्हाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. त्या गर्दीत चिनी मजूर जवळजवळ दिसत नाहीत. १८८२ मध्ये तर चिनी मजुरांनी देशातच येऊ नये असा कायदा झाला. अमेरिकेच्या कामगार खात्याने आपल्या सन्मान-दालनात या मजुरांना स्थान दिले ते २०१४ साली. एवढे सांगून ती मुलगी म्हणाली, “फोटोत नव्हते म्हणून ते नव्हते असे होत नाही.” कोणी शिकवलेले वाक्य नव्हते ते.

चौथा इंग्लंडमधला सेटल-कार्लाइल. हा दहावीतल्या मुलीने मांडला. सुमारे ७२ मैलांचा मार्ग, उत्तर इंग्लंडच्या उघड्या डोंगरांतून जाणारा. मिडलंड रेल्वे या कंपनीला स्कॉटलंडकडे जाण्यासाठी दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर अवलंबून राहावे लागे, म्हणून तिने स्वतःचा मार्ग काढायचे ठरवले. पुढे खर्चाच्या भीतीने तिने तो सोडून द्यायला परवानगी मागितली, पण पार्लमेंटने नकार दिला. मग १८६९ च्या अखेरीस काम सुरू झाले. १८७५ मध्ये मालगाड्या आणि १८७६ मध्ये प्रवासी गाड्या सुरू झाल्या. रिबलहेड येथे २४ कमानींचा दगडी पूल आहे. सुमारे ४०० मीटर लांब आणि ३२ मीटर उंच. तो बांधणारे मजूर तिथल्याच दलदलीत झोपड्या टाकून राहिले. त्या वस्तीत देवीची साथ आली. जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात सुमारे दोनशे जणांना पुरले. त्यात मजुरांच्या बायकामुलांचाही समावेश आहे. त्या चर्चमध्ये अपघातात मेलेल्या मजुरांच्या स्मरणार्थ एक शिळा आहे. तिचा खर्च कंपनीने आणि त्यांच्या सोबतच्या मजुरांनी मिळून केला होता.

पण मुलांना धरून ठेवले ते पुढच्या गोष्टीने. १९८० च्या दशकात सरकारी रेल्वेने हा मार्ग बंद करायचे ठरवले. पूल जुना झाला, दुरुस्ती परवडत नाही, हे कारण. लोकांनी १९८१ मध्ये संघटना उभी केली, हजारो हरकती नोंदवल्या. त्यांत रस्वर्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता! तो तिकीट काढून प्रवास करणारा उतारू होता म्हणे, म्हणून त्याची हरकतही ग्राह्य धरली गेली. अखेर ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने मार्ग बंद करायला नकार दिला. गार्सडेल स्टेशनवर त्या कुत्र्याचा पुतळा २००९ पासून उभा आहे. मुले पोट धरून हसली. मीही हसले, पण हरकतीचा अर्ज मुदतीत आणि नियमात बसवून दिला की काय होऊ शकते, हे मला रेशन कार्डाच्या आणि जातीच्या दाखल्याच्या रांगांनी शिकवले आहे. त्या संध्याकाळी मुलांना हरकत अर्ज म्हणजे काय, तो कसा लिहितात, हे सांगायला मला आयती संधी मिळाली.

मग मतदान झाले. चिठ्ठ्या टाकून, गुप्त. त्याआधी डॉनर आणि सेटल यांच्यात जोरदार वाद झाला. डॉनरची गोष्ट मोठी, हे सगळ्यांना मान्य होते. प्रश्न चौथ्या रकान्याचा निघाला. डॉनरवर मुख्यतः लांबच लांब मालगाड्या. चढावर सावकाश तासन् तास चालायचे, मध्ये थांबे नाहीत. पाळी बदलायची कुठे? उलट सेटल ते कार्लाइल मोजून अकरा स्टेशने : सेटल, हॉर्टन, रिबलहेड, डेंट, गार्सडेल, कर्कबी स्टीफन, ॲपलबी, लँगवथबी, लेझनबी, आर्मथवेट, कार्लाइल. अकरा स्टेशनांमध्ये दहा टप्पे, आणि आमची मुले दहा. सातवीतल्या एकाने तर सरळ सांगून टाकले, “चिनी मजुरांची गोष्ट पुस्तकात वाचता येईल. पाळी पुस्तकात मिळत नाही.”

सेटलला पाच, डॉनरला चार, हॅम्बुर्गला एक. सेमेरिंग मांडणाऱ्या दोघांनीही आपली मते दुसरीकडे दिली होती, विचारले तर म्हणाले, “ऐकून पटलं.” डॉनरवाल्या मुलीचे डोळे भरून आले होते. मी वहीत निकालाबरोबर तिची बाजूही लिहून घेतली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पुढची खरेदी डॉनरचीच, असा ठराव तिने स्वतः मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. हरल्यावर दार आपटून न जाता ठराव मांडणे, हे आमच्या कित्येक मोठ्यांच्या बैठकांतही मी फारसे पाहिलेले नाही.

आता खरेदी. त्या दिवशीची किंमत आमच्या पैशांत बसत नव्हती. स्टीम या दुकानात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठ्या सवलती लागतात. मुलांना थांबा म्हटले. थांबले. सवलत लागल्यावर मार्ग पैशांत बसला आणि थोडी शिल्लकही उरली. पावती काढून वहीत चिकटवली. परतीचा नियमही वाचून दाखवला : खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि खरेदीनंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी चालवलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या शनिवारी दीड तासच चालवून संगणक नीट चालतो की नाही हे पाहायचे ठरले. घड्याळ धरून गार्डकाका बसले. बरोबर दीड तासाने त्यांनी खिशातून शिट्टी काढून वाजवली. मार्ग उतरवला तो नीट चालत होता.

सेटलकडून निघाले की सुमारे पंधरा मैल जवळजवळ अखंड चढ आहे, १०० ला १ असा. रेल्वेवाले त्याला ‘लाँग ड्रॅग’ म्हणजे लांबलचक ओढ म्हणतात. बोरघाटापुढे हा चढ काहीच नाही, असे मुलांना आधी वाटले. मग पावसाळी हवामान लावले. ओल्या रुळांवर चाके जागच्या जागी फिरू लागली तेव्हा पोरांची तोंडे पाहण्यासारखी झाली. वाळू टाका, ताकद कमी करा, धीर धरा, असे काका मागून सांगत होते. खेळ म्हणजे उधळपट्टी असे म्हणणारे काका शेवटी उठायला तयार नव्हते.

एका शनिवारी सहावीतल्या मुलाची गाडी वेगाच्या पाटीपेक्षा पुढे गेली आणि गुण कापले गेले. तो चिडून म्हणाला, “ताई, पुढे रूळ मोकळा आहे, सिग्नल हिरवा आहे. मग ही पाटी कशाला?”

मला माझे वडील आठवले. ते घाटात गँगमन होते, पुढे कीमन झाले. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज ठरलेल्या बीटवर रुळांच्या कडेने चालायचे, सुटलेली चावी ठोकून बसवायची. पावसाळ्यात रात्रीची गस्त. हातात कंदील, खिशात फटाके. दरड आली तर धावत पुढे जाऊन रुळावर फटाके ठेवायचे, म्हणजे येणारी गाडी आवाज ऐकून थांबेल. पाय सुजलेले असत. आई मिठाच्या गरम पाण्यात ते शेकायची. त्यांच्या हातावरून किती गाड्या सुखरूप गेल्या असतील याचा हिशोब कोणी ठेवला नाही. इंजिनात बसून घाट चढण्याची पाळी त्यांना एकदाही आली नाही.

मी त्या मुलाला म्हटले, “बाळा, जिथे पाटी असते तिथे वळण तरी असते, नाहीतर जुना पूल असतो, नाहीतर रुळावर माणसे काम करत असतात. ती तुला खेळात दिसत नाहीत. पाटी दिसते. पाटी दिसली की माणसे आहेत असे समजायचे.” रिबलहेडच्या खऱ्या पुलावरही भार कमी पडावा म्हणून १९८५ मध्ये दोन रुळांऐवजी एकच मार्ग ठेवला, ही माहिती दहावीतल्या मुलीने तिथल्या तिथे पुरवली. त्यानंतर मुलांनी स्वतःच एक नियम केला : पाटी मोडली तर पाळी संपली.

खेळात गँगमन नाही, ही या खेळाची उणीव मला डाचते. लाखो रुळांच्या चाव्या ठोकणारे हात त्यात कुठेच दिसत नाहीत. चालकाच्या जागी बसायला प्रत्येकाला आवडते; ते स्वाभाविकही आहे. माझ्या वडिलांच्या नातवंडांच्या पिढीने त्या जागी बसावे असे मलाही वाटते. पण पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा खेळ म्हणजे रेल्वेच्या नोकरीची तयारी नव्हे. सहाय्यक लोको पायलट व्हायचे तर दहावीनंतर आयटीआय किंवा अभियांत्रिकीची पदविका लागते, रेल्वे भरती मंडळाच्या संगणकावरच्या परीक्षा आणि कल चाचणी द्यावी लागते, डोळ्यांची कडक तपासणी असते. खेळाने ओढ निर्माण होते. पुढचे कष्ट वेगळे करावे लागतात. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितले.

आणि मुलींनाही सांगितले. कारण एका आईने मला विचारलेच, “ताई, पोरीला इंजिनाचं वेड कशाला लावता?” मी तिला सुरेखा यादवांचे नाव सांगितले. साताऱ्याकडची ही बाई १९८९ मध्ये सहाय्यक चालक झाली. ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन घाट उतरून तिने आणली, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. आशियातली पहिली रेल्वेचालक महिला म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती आई काही बोलली नाही. पण पुढच्या शनिवारी मुलीला सोडायला आली तेव्हा दारात उभी राहून तिने रिबलहेडचा पूल जाईपर्यंत गाडी पाहिली.

वाचक हो, तुमच्या घरात संगणक असेल, मूल असला एखादा मार्ग मागत असेल, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका आणि लगेच पैसेही भरू नका. सर्वांत लांब मार्ग किंवा सर्वांत वेगवान गाडी म्हणजे सर्वांत चांगली खरेदी असे नसते. आपल्या खेळात चालतो का, यंत्राला झेपतो का, बरोबर काय मिळते, हे आधी पाहा. घेणाऱ्यांनी लिहिलेले अभिप्राय वाचा. त्यांतही नाराज लोकांचे आधी वाचा. सवलतीची वाट पाहा. मूल एकटे असेल तर शेजारच्या दोघांना बोलवा आणि पाळ्या लावा. आणि तो मार्ग कोणी बांधला, हे मुलालाच शोधून आणायला सांगा. तीन आठवड्यांनी त्याचे मन बदललेले असेल, किंवा ते तुम्हाला सगळा मार्ग तोंडपाठ सांगेल. दोन्हींत फायदाच आहे.

आमच्या अभ्यासिकेत रद्दीचा दुसरा गठ्ठा जमू लागला आहे. वहीत जमा चारशे दहा रुपये आहेत, आणि त्यापुढच्या रकान्यात डॉनर पास असे लिहिलेले आहे. जुनी वर्तमानपत्रे घरात पडून असतील तर आपापल्या वस्तीतल्या मुलांना द्या. मात्र पैशांचे काय करायचे, ते त्यांना ठरवू द्या.